मोहाखालची आग

समितीपुढे तुम्ही शास्त्रज्ञ म्हणून बोलणार की गावकरी म्हणून, हे उद्या सकाळपर्यंत कळवा, असा निरोप ब्रसेल्सहून आला तेव्हा मी सालेकसा स्टेशनाबाहेर समोसा खात उभी होते. निरोप सभ्य होता. त्यांचे सगळेच निरोप सभ्य असतात. पण वाचून माझं डोकं फिरलं, आणि समोशातली मिरची नेमकी तेव्हाच दाताखाली आली, त्यामुळे राग कशाचा किती हे मलाही सांगता आलं नसतं.

मी जंगलातल्या आगींचा अभ्यास करते. बेल्जियममधल्या एका विद्यापीठात नोकरीला आहे. आणि मी सालेकशाच्या आतल्या एका गावची, धनीराम आणि फुलवंता टेकामची पोरगी आहे. जवळच्यांना हे दोन्ही ठाऊक आहे. यातलं एक निवडा, असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिकडे एक योजना आहे. शास्त्रज्ञांना काही महिने खासदारांच्या कार्यालयाशी जोडून देतात, म्हणजे कायदा कसा शिजतो ते त्यांना कळावं आणि कायदा शिजवणाऱ्यांना थोडं शास्त्र कळावं. मी अर्ज केला आणि निवडले गेले. तिथे पहिल्या आठवड्यात आम्हाला बोलायला शिकवलं. दहा वर्षांचं संशोधन एका पानात बसवा. 'कदाचित' हा शब्द टाळा. 'ते अवलंबून आहे' असं म्हणालात की खासदार घड्याळाकडे बघायला लागतो. हे सगळं शिकताना मला हसू येत होतं, पण एक गोष्ट मी मान्य करते: तिथलं दार उघडं असतं. नियमाचा मसुदा निघाला की कुणीही अभ्यासक त्यावर लिहून पाठवू शकतो, समिती सुनावणी घेते, बोलावते, ऐकते. आमच्या गावाभोवतालच्या जंगलाचा आराखडा माझ्या उभ्या आयुष्यात अनेकदा बदलला, आणि मला तर सोडाच, माझ्या मायलाही कुणी त्याबद्दल विचारलेलं नाही.

आता ज्या मसुद्यावर दुसऱ्या दिवशी सुनावणी होती, आणि मी गावातूनच ऑनलाइन बोलणार होते, त्यात एक ओळ होती. जंगलातला जो माल आग लावून गोळा केला असेल, तो युरोपच्या बाजारात घ्यायचा नाही. हेतू चांगला होता, आणि मला भीती त्याचीच वाटत होती. वाईट हेतूचा कायदा दुरून ओळखू येतो. चांगल्या हेतूच्या कायद्याशी भांडायला उभं राहिलं की आपणच वाईट दिसतो.

ती ओळ थेट माझ्या घरावर येत होती. मायच्या बायकांच्या गटाची वाळवलेली मोहफुलं गोंदियाच्या व्यापाऱ्यामार्फत अलीकडे तिकडच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीकडे जायला लागली होती. आणि मोह वेचायला आमच्याकडे आग लावतात. चैत्रात फुलं पहाटे गळतात, पिवळसर, रसाळ, बोराएवढी. खाली पानांचा थर असला तर ती दिसत नाहीत, शिवाय पानाखाली साप-विंचू. म्हणून हंगामाच्या आधी प्रत्येक घर आपापल्या झाडाभोवती रुंद पट्टी खराट्याने साफ करतं, आणि आतला पाला, दव असताना, पहाटे जाळतं. एक जण ओली फांदी घेऊन राख थंड होईपर्यंत तिथेच बसतो. तो उठला तर त्याला गावात वर्षभर ऐकावं लागतं. मी हेच तर मोजलंय सहा वर्षं. जिथे अशी राखणीची आग लागते तिथून वणवा बाहेर जात नाही. जिथे पाला साठतो तिथे जातो.

म्हणजे मला समितीला सांगायचं होतं ते एवढंच: सगळ्या आगी एका मापाने मोजू नका. पण ते सांगायला आधी एक वाक्य बोलावं लागणार होतं, की होय, आमच्या गावात आग लावतात. आणि ते वाक्य गावात कुणी मोठ्याने बोलत नाही. जंगलात आग लावणं हा आपल्याकडे गुन्हा आहे. गार्ड विचारतो, आग कोणी लावली, आणि अख्खं गाव म्हणतं, मालूम नाही साहेब. त्यात माझा बाप उन्हाळ्यात जंगल खात्याकडे आगीवर पहारा देणारा रोजंदार. अंगात खाकी शर्ट, हातात फांदी. त्याच्याच घरची बाई पहाटे मोहाखाली माचिस ओढते हे गार्डलाही ठाऊक आहे, पण ठाऊक असणं वेगळं आणि नोंदीवर येणं वेगळं.

बा मला घ्यायला मोटारसायकल घेऊन आला. बॅग पुढे टाकीवर ठेवली आणि गाडी सुरू करायच्या आधीच म्हणाला, "जंगल जळलं परवा."

"कोनतं?"

"आपलंच. रेल्वेच्या बाजूचं. चाल, दिसन आता."

दिसलं. रस्ता वळतो तिथून पुढे ओढ्यापर्यंत सगळं काळं होतं. सागाची पोरसवदा झाडं उभ्या उभ्या भाजली होती. मोहाची जुनी झाडं मरत नाहीत एवढ्याने, पण त्यांच्या खालच्या फांद्या होरपळल्या होत्या आणि फुलं झडून कोळसा झाली होती. ज्या झाडाखाली मी चालायला शिकले असं माय सांगते, तेही त्यात होतं.

"कशी लागली?"

"तुह्या मायले विचार," बा म्हणाला. "ते बोलून नाई राहिली कोनाशी."

माय अंगणात मोह पसरत होती. वाळत घातलेली फुलं मूठभर, दरवर्षी अंगण पुरत नाही. मला पाहून उठली, हात पुसले, गालावरून हात फिरवला आणि पाणी आणून दिलं. मग पुन्हा बसली. मी काही विचारायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"मी लावली."

"तू आग लावली?"

"नाई लावली. म्हनून लागली."

मग सांगत गेली. मी फोनवर म्हटलं होतं की सुनावणी आहे, तिकडचे लोक आकाशातून आगी बघतात, नकाशावर लाल ठिपका दिसतो. हे ऐकून तिने गटाच्या बायकांना जमवलं. यंदा कोणी पाला जाळायचा नाही. रश्मीच्या साहेबलोकांना आपल्या गावावर ठिपका दिसला नाही पायजे. बायकांनी ऐकलं, कारण फुलवंताचं सगळ्या ऐकतात. सगळ्यांनी खराटे घेऊन झाडाखालचा पाला लोटला आणि झाडांच्या मधल्या जागेत ढीग केले. झाडाखालची जमीन आरशासारखी. ढीग मात्र गुडघ्याच्या वर, कोरडे, एकाला एक लागून, थेट रेल्वेच्या तारेच्या कुंपणापर्यंत. परवा दुपारी वारा सुटला. ठिणगी कुठून आली ते देवाला माहीत. कोणाची बिडी असेल, कोणाची चूल असेल. ढिगातून ढिगात आग चालत गेली.

"जलमभर पाला जाळला," माय म्हणाली, "जंगल नाई जाळलं कधी. आन यंदा चांगलं दिसाव म्हनून..." तिने हातातली फुलं खाली टाकली. "तुही माय लय हुशार निघाली वो."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू मला बघवेना. माझ्यासाठी केलं होतं तिने हे. मी तिला काहीच करायला सांगितलं नव्हतं, फक्त ठिपक्याची गंमत सांगितली होती. पण तिला कळलं ते बरोबरच कळलं होतं: लेकीचं तिकडे नाव राहायचं असेल तर आपण स्वच्छ दिसलं पाहिजे. मसुद्यातली ती ओळ अजून पास झाली नव्हती, आणि आमच्या जंगलात तिची अंमलबजावणी होऊनसुद्धा गेली होती.

संध्याकाळी गटाच्या गोदामात माणसं जमली. इंद्रकुमार, गटाचा हिशेब आणि व्यवहार बघणारा सचिव, आमगावकडचा, चांगला माणूस, पण गोंदियात राहून त्याच्या बोलण्यात अर्धी हिंदी आलीय आणि अर्धी भीती. मधल्या चटईवर तो बसला. त्याने सगळं ठरवूनच आणलं होतं.

"देखो मॅडम, टेन्शन लेने का नहीं. कोनी विचारलं तं सांगायचं, रेल्वेतून कोनी बिडी फेकली. रेल्वे काही भांडायले येत नाही. आन जाळायचं विचारलं तं आमच्या गावात कोनी जाळत नाही. फिनिश."

"आन मी सहा वरसं जे मोजलं ते?" मी विचारलं. "त्यात तं लिवलंय का लोकं जाळतात."

"गावाचं नाव लिवलं?"

"नाई."

"मंग झालं ना. एका गावात. दूरच्या. मध्य भारतातल्या एका गावात."

खरं सांगायचं तर मीही तोच विचार करत होते. संशोधनात नावं झाकतात, तशी झाकायची. 'एका गावात' म्हणायचं. मी तसं बोललेसुद्धा. माय तोवर खांबाला टेकून गप्प बसली होती, ती एकदम बोलली.

"एका गावात म्हन्जे कोनत्या? चोरांच्या?"

"फुलवंताबाई, समजून घ्या," इंद्रकुमार म्हणाला.

"समजून राहिली ना मी. माह्या सासूनं जाळलं, तिच्या सासूनं जाळलं. देवाले पहिली फुलं वाहून मंग वेचतो, आन त्याच्या आंधी जाळतो, सगळ्याईच्या समोर, लेकरं संगं घेऊन. यात लपवायचं का हाय? आमी लपवलं म्हनून तं त्याईले वाटते का आमी वाईट करून राहिलो." ती माझ्याकडे वळली. "माहं नाव घेजो. यंदा नाई जाळलं तेबी सांगजो."

"केस होईन," कोणीतरी मागून म्हटलं.

"होऊ दे. गार्ड आमच्या घरी चहा पेते. विचारन तं सांगीन त्यालेबी."

मग सगळे बाच्याकडे बघायला लागले. बा दारात उभा होता, खाकी शर्टातच. तो फार बोलत नाही. म्हणाला, "माही उन्हाळ्याची नवकरी जाईन. नोको सांगू म्हनून नाई म्हनत. जाईन, एवढंच सांगून राहिलो." आणि बाहेर निघून गेला. त्याची मोटारसायकल बराच वेळ सुरू होत नव्हती, ते आत ऐकू येत होतं.

मी बाच्या मागे गेले नाही. काय सांगणार होते? खोटं बोलले तर नियम पास होणार, मग आमच्यासारखी सगळी गावं आग लावून 'नाही लावली' म्हणत बसणार, किंवा खरंच थांबणार आणि अशीच जळणार. खरं बोलले तर बाचा उन्हाळा जाणार. कुठल्या प्रशिक्षणात हे एका पानात बसवायला शिकवतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे त्यांच्याकडे अजून नीट उजाडायचं होतं, योजनेच्या समन्वयक बाईंचा फोन आला. त्या मेहनती आहेत, झोपतात कधी हे कुणाला ठाऊक नाही, आणि मला त्या आवडतात. म्हणून जास्त लागलं.

"तुमचं उत्तर आलं नाही," त्या म्हणाल्या. "मी काळजीपोटीच विचारते आहे. तुम्ही आधी जाहीर केलंत की तुमचं कुटुंब मोहफुलं गोळा करतं. हितसंबंध झाला तो. शास्त्रज्ञ म्हणून बसलात तर कुणीतरी त्यावर बोट ठेवणार. त्यापेक्षा समाजाच्या प्रतिनिधी म्हणून बसा. ते सत्र वेगळं आहे, उद्या आहे, तुमची गोष्ट सांगा. लोकांना गोष्टी आवडतात."

"आणि आगींचं शास्त्र कोण सांगणार?"

"आणखी एक तज्ज्ञ आहेत. उत्तर युरोपातले. फार मोठं नाव आहे."

"ते कधी मोहाखाली बसलेत?"

"तसं नाही चालत, रश्मी. ज्याचा संबंध नाही त्याचंच मत निष्पक्ष मानतात."

मी अंगणात उभी होते. शेजारच्या धुरपता मावशी नळावर भांडी घासत माझ्याकडे बघत होत्या. इंग्रजी कळत नसलं तरी भांडण कुठल्याही भाषेत कळतं. मी आवाज खाली आणला.

"मागच्या महिन्यात दुधावरच्या सुनावणीत एक प्राध्यापक बसले होते," मी म्हटलं. "त्यांच्या घरच्या गाई आहेत. जेवताना फोटो दाखवला त्यांनी मला, गाईंची नावंसुद्धा सांगितली. त्यांना तुम्ही विचारलं होतं, शास्त्रज्ञ की गवळी?"



"त्यांनी ते जाहीर केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मी केलंय. म्हणून मी बाहेर?"

"असं नाही म्हणाले मी."

"तुमच्याकडे जो बर्फाचा अभ्यास करतो तो त्याच डोंगरातला असतो. समुद्राचा करतो तो किनाऱ्यावरचा. त्यांना तिथली माहिती आहे म्हणून तुम्ही त्यांना बोलावता. माझ्याच बाबतीत माहिती असली की तो हितसंबंध होतो. मी आज बसणार. शास्त्रज्ञ म्हणूनच. आणि मी कुठली आहे ते पहिल्या वाक्यात सांगणार."

"मग मी तुमची पाठराखण करू शकेन असं वचन देत नाही. योजनेचा पुढचा टप्पा आहे अजून, त्याची निवड व्हायची आहे, तो विचारात घ्या."

"घेतला," मी म्हटलं. तिथली पुढची जागा मला हवी होती. मी ती मिळावी म्हणून वर्षभर राबले होते. हवी नव्हती असं म्हटलं तर ते खोटं होईल.

सुनावणी आमच्या दुपारी होती. गावात नेट धड चालतं ते फक्त ग्रामपंचायतीत, तर तिथल्या सभागृहात टेबल मांडलं. कूलर बंद करायला लावला, आवाज येतो म्हणून, आणि सगळे घामाने निथळत बसले. कारण 'सगळे' आले होते. मी फक्त मायला येऊ दिलं होतं, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बाजूच्या खुर्चीवर. पण गटातल्या बायका भिंतीला लागून, इंद्रकुमार खिडकीपाशी, दोन-चार म्हातारे दाराशी. बा दिसला नाही. पहाऱ्यावर असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

पडद्यावर लांबलचक टेबलाशी बसलेली माणसं होती, पाण्याच्या बाटल्या, नावाच्या पाट्या. उत्तरेकडचे मोठं नाव असलेले तज्ज्ञ आधी बोलले. नीट बोलले. आग कुठलीही असो, हवेत काय जातं ते त्यांनी सांगितलं, आणि त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. मग एका सभासदाने नकाशा लावला. मध्य भारत, गेल्या आठवड्यातले आगीचे ठिपके. लाल, गोवर उठल्यासारखे.

"वनोपज गोळा करणारे जंगलं कशी पेटवतात त्याचा याहून स्पष्ट पुरावा नको," तो म्हणाला. "डॉक्टर टेकाम, आपलं मत?"

मी नकाशा मोठा करायला सांगितला. रेल्वेची रेघ शोधली. तिच्या कडेला एक ठिपका होता. बायकांमध्ये कुजबुज झाली, त्यांनीही ओळखला.

"मी या ठिपक्यात बसून बोलते आहे," मी म्हटलं. "हे माझं गाव आहे. माझं कुटुंब मोहफुलं वेचतं. आणि आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या मोहाखाली आग लावतात."

समोर पेनं हलली. समन्वयक बाई कोपऱ्यात बसल्या होत्या, त्यांनी डोळे मिटले. मी पुढे गेले. साफ केलेली पट्टी, पहाटेचं दव, ओली फांदी, राख थंड होईपर्यंत बसणारा माणूस. सहा वर्षांची माझी मोजमापं: अशी आग लागली तिथे वणवा किती वेळा बाहेर गेला, पाला साठला तिथे किती वेळा. हवेत जातं त्याबद्दल आधीच्या वक्त्यांचं बरोबर आहे, असंही म्हटलं. पण वणव्यात त्याच्या कैक पटीने जातं. शेवटी म्हटलं, "आग लावली का, एवढंच तुमचा मसुदा विचारतो. त्याऐवजी विचारा की ती विझेपर्यंत तिथे कोण बसलं होतं. त्यावर नियम करा. मी लिहून द्यायला मदत करीन."

नकाशावाला सभासद पुढे झुकला. "पण हा ठिपका तर आहेच ना, डॉक्टर. तुमच्याच गावाचा. मग तुमची ती राखणीची आग बाहेर गेलीच. मला सरळ उत्तर द्या. आम्ही बंदी घातली तर हे लोक थांबतील का?"

'हे लोक' माझ्या बाजूला बसले होते. मी मायकडे वळले आणि प्रश्न जसाच्या तसा सांगितला. तिने पदर कमरेला खोचला.

"थांबतील म्हनाव," ती म्हणाली. "थांबलोच ना यंदा. तुमाले बरं दिसाव म्हनून मीच थांबवलं सगळ्याईले. पाला जाळला नाई, ढीग लावून ठेवले. हे जे लाल दिसून राहिलं ना तुमाले, ते आमी जाळलेलं नोहे. ते आमी न जाळलेलं हाय. तुमची बंदी कशी दिसते ते पाहून घ्या म्हनाव."

मी एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. काही मऊ केलं नाही, एका पानात बसवलं नाही. त्या लांब टेबलावर कुणी पाणी प्यायलं, कुणी नकाशाकडे पुन्हा पाहिलं. प्रश्न विचारणाऱ्याने काही लिहिलं आणि खोडलं.

अध्यक्षबाई वयस्कर होत्या, आवाज शांत. "डॉक्टर, मला नोंदीसाठी स्पष्ट करून हवं आहे. हे शास्त्रज्ञ म्हणून तुमचं मत आहे, की कुणाचं?"

"माझ्या आईने चूक केली, मी मोजली," मी म्हटलं. "मत दोघींचं एकच आहे. नोंदीत दोन नावं लिहा."

"यादीत एकच साक्षीदार आहे. आणि मला हेही सांगायला हवं, की ही नोंद सार्वजनिक असते. तुमच्याकडे कायद्याने हा गुन्हा असेल तर नाव घातल्याने त्यांना त्रास होऊ शकतो. तुम्ही म्हणालात तर हा भाग आम्ही वगळू शकतो. कुणी काही विचारणार नाही."

त्या मनापासून म्हणत होत्या. दार उघडं होतं, बाहेर पडायचंसुद्धा. मी मायला सांगितलं. मला वाटत होतं तिने हो म्हणावं. मला तिकडची जागा नको, गाव नको, फक्त तिला चौकीत कुणी बसवू नये, एवढंच त्या क्षणी वाटलं. इंद्रकुमार खिडकीतून 'वगळू द्या, वगळू द्या' असे हात करत होता.

माय उठली. टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या खुर्चीच्या मागे उभी राहिली, तेव्हा पडद्यावर आमच्या चौकोनात तिचा चेहरा आला, घामेजलेला, कपाळावर राखेचा डाग.

"फुलवंता धनीराम टेकाम," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "लिवा."

मागे दाराशी हालचाल झाली. म्हातारे बाजूला सरकले. बा आत आला, खाकी शर्ट, पायाला राख, थेट पहाऱ्यावरून. कधीपासून बाहेर उभा होता कोण जाणे. तो चालत मायच्या शेजारी आला आणि त्या लोकांना दिसेल असा वाकला. शर्टावरचा खात्याचा बिल्ला त्याने झाकला नाही.

"आन मी धनीराम टेकाम," तो म्हणाला. "जंगल खात्यात आगीवर पहारा देतो. तिनं पाला जाळला का, राख थंडी होईपर्यंत तठी मीच बसतो. माहंबी नाव लिवा."

मी त्याचंही भाषांतर केलं.